कॉपी पूर्ण आहे का? आधी लांबी मोजा

एकाने विचारलंय की नेटवर ‘फुल मूव्ही’ म्हणून टाकलेल्या जुन्या मराठी चित्रपटात दोन गाणी कमी का. सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. त्यावर लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये असते. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे साधारण २७.४ मीटर धावते. लांबी ४००० मीटर असेल तर चित्रपट १४६ मिनिटांचा हवा. तुमची कॉपी दोन तासांत संपत असेल तर कात्री लागलीच. बहुतेकदा ती टीव्हीसाठी किंवा व्हीसीडीसाठी लागलेली असते, आणि पहिला बळी गाण्यांचा. प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर गाण्यांची जुनी पुस्तिका शोधा. रद्दीवाल्यांकडे अजून मिळतात.

मूकपटांना मात्र हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, त्यांचा वेग बऱ्याचदा कमी असे. १६ फ्रेमला मिनिटाला ६० फूटच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) सुमारे ३७०० फुटांचा, म्हणून कुठे ४० मिनिटं लिहिलेलं दिसतं, कुठे तासभर. आज त्याची पहिली आणि शेवटचीच रिळं उरलीत, तीही १९१७च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. फाळक्यांनी पुढचे बहुतेक चित्रपट नाशकातच काढले, आणि त्यांतलेही बहुतेक गेले! त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घ्यायची, कुजायची. चांदीसाठी वितळवली गेली ती वेगळीच. त्यातल्या त्यात ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा शाबूत आहे. तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, तुमच्या चित्रपटाची चौकशीही तिथेच करा.