हुकूमशहा लोक आणतात की वरचे आणतात?

घोडबंदरची:
काल माजिवड्याच्या सिग्नलला बस अडकली होती. मागच्या सीटवरचे काका म्हणाले, "एक हिटलर आला पाहिजे, महिन्याभरात सगळे सरळ होतील," आणि आजूबाजूच्या तीन-चार जणांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. हिटलर निवडून आला असं आपण सर्रास बोलतो, पण मोकळ्या निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळालं नाही. जुलै १९३२ ला ३७.३ टक्के, नोव्हेंबरला घसरून ३३.१, पक्षाकडे पैशाची चणचण, आणि नेमकं तेव्हाच माजी चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधान) पापेनने म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गला पटवलं की याला चॅन्सेलर करा, मंत्रिमंडळात त्याला धरून नाझी तिघंच, बाकी आपली माणसं, मुठीत ठेवू. इटलीतही तेच. १९२१ ला संसदेत मुसोलिनीचे फॅसिस्ट ५३५ पैकी ३५. ऑक्टोबर १९२२ मध्ये रोमवर मोर्चा निघाला तेव्हा मुसोलिनी स्वतः मिलानमध्ये बसून होता. पंतप्रधान फाक्ताने मार्शल लॉचा कागद तयार करून राजासमोर ठेवला, राजाने सही केली नाही. सैन्य होतं, कायदा होता, सही तेवढी नव्हती. मुसोलिनी रात्रीच्या ट्रेनने झोपून रोमला आला. दार आतूनच उघडलं जातं, मला एवढंच म्हणायचंय.

ऐरोलीकर:
ताई, अर्धंच सांगताय. १९२८ ला नाझींना २.६ टक्के होते, चार वर्षांत ३७ वर गेले ते काय पापेनने नेले? ६० लाख बेकार होते तिथे. माझे वडील ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत होते. कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी सातवीत. वडील तरी रोज डबा घेऊन निघायचे, बंद गेटसमोर बसायचे आणि संध्याकाळी परत, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. त्या दिवसांत कोणी येऊन सांगितलं असतं ना की तुझ्या या अवस्थेला अमुक जमात जबाबदार, तर ते त्याच्या मागे गेले असते, मी पण गेलो असतो. लोकांना यातून वगळू नका.

वाशी १७:
दोघांना एकच विचारतो. पुढे बेकारी गेली ना? रस्ते झाले ना? त्याआधी तिथे सरकार टिकत नव्हतं, १९३० पासून चॅन्सेलर ब्रुनिंग राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवरच कारभार हाकत होता. अशा ठिकाणी लोकशाही म्हणायची तरी कशाला?

घोडबंदरची:
वटहुकमांचं बरोबर आहे, पायंडा तिथेच पडला. पण रस्ते? कोलोन-बॉन रस्ता १९३२ लाच सुरू झाला, कोलोनचा महापौर आडेनाउअरने उद्घाटन केलं, हिटलर यायच्या आधी. बेकारी शस्त्रांच्या कारखान्यांनी हटवली आणि ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं ते कुठल्या हिशोबात धरणार? आणि ऐरोलीकर, हे तुमच्यासाठी. १ मे १९३३ ला कामगारांना पगारी सुट्टी दिली, बर्लिनमध्ये मोठी सभा घेतली, युनियनवाले पण झेंडे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर युनियनच्या ऑफिसांत एसएची, म्हणजे नाझींच्या गणवेशातल्या टोळ्यांची, माणसं घुसली, पैसा जप्त, पुढारी अटकेत. त्यानंतर गेटवर बसणाऱ्या माणसासाठी बोलणारं कोणी उरलं नाही.

ऐरोलीकर:
२ मेचं माहीत नव्हतं. वडिलांची थकबाकी युनियननेच कोर्टात लढून मिळवून दिली, अकरा वर्षं लागली, त्यामुळे हे वाचून पोटात कालवलं. पण मी मागे हटत नाही. ५ मार्च १९३३ ची निवडणूक घ्या. राइशस्टागला, म्हणजे संसदेच्या इमारतीला, आग लागून सहा दिवस झालेले, कम्युनिस्ट तुरुंगात, रस्त्यावर एसए, मान्य, दहशत होतीच. तरी समाजवाद्यांना ७० लाखांवर लोकांनी मतं दिलीच ना त्याच दहशतीत? आणि नाझींना १ कोटी ७२ लाखांवर. ती काही राजाने किंवा पापेनने टाकली नाहीत. तुमच्या बसमधल्या त्या माना डोलावणाऱ्यांसारख्यांनीच टाकली.