मदत हवी आहे: मॅनेज्ड स्विच लावल्यापासून कॅमेऱ्याचं चित्र सव्वाचार मिनिटांनी थांबतं

नमस्कार मंडळी, चाकणला एका पॅकिंग लाइनवर काम चालू आहे. पॅनेलमध्ये डिन रेलवरचा ८ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) नेटवर्क स्विच आहे. त्यावर पंखा नसलेले तीन छोटे इंडस्ट्रियल पीसी, दोन कॅमेरे आणि एक पीएलसी (लाइनची यंत्रं चालवणारा कंट्रोलर). आधी साधा स्विच होता, तेव्हा कॅमेऱ्यांचं मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवलेलं चित्र) सगळ्या पोर्टवर सांडायचं आणि पीएलसीचा १०० एमबीपीएसचा पोर्ट गुदमरायचा. पीएलसीच कॅमेऱ्यांना ट्रिगर देतो, म्हणून सगळे एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचमधल्या वेगळ्या आभासी नेटवर्कमध्ये), क्रमांक २० मध्ये.

आयजीएमपी स्नूपिंग (ज्या पोर्टने मागितलं त्यालाच मल्टिकास्ट द्यायची स्विचची सोय) चालू केलं आणि पीएलसी शांत झाला. पण पीसीवरचं चित्र २६० सेकंदांच्या आसपास गोठतं. मोबाइलवर वेळ लावून तीनदा मोजलं! व्ह्यूअर बंद करून उघडला की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. स्नूपिंग बंद केलं की चित्र तासन्‌तास, आणि पीएलसीची बोंब. केबल बदलून झाल्या.

माझा संशय असा, की इथे राउटर नाही, म्हणजे 'कोण ऐकतंय?' असं विचारणारा क्वेरियरच नाही. स्विचमध्ये तो पर्याय चालू केला, तरी स्थिती निष्क्रियच दिसते. स्विचचा आयपी व्हीलॅन १ मध्ये आहे. २० मध्येही द्यावा लागतो का? पुढे दुसऱ्या पॅनेलचा स्विच जोडायचा आहे. क्वेरियर दोन्हींवर ठेवायचा की एकावरच?

लाइन बंद ठेवायला रविवारी सकाळचे दोनच तास मिळतात, तोवर कुणी सांगितलं तर फार बरं होईल.