डांगर खाल्लं असतं तर कॅन्सर झाला नसता?

कृष्णाकाठ
आमच्या भिशीच्या ग्रुपवर आज सकाळी मेसेज आला: 'रोज वाटीभर पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्या बाईला स्तनाचा कर्करोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांनी ताटाकडे लक्ष दिलेलं नसतं.' त्याच ग्रुपमध्ये माझी धाकटी जाऊ आहे आणि तिची केमो चालू आहे. आमच्या परड्यात डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा वेल आहे. भाजी, दह्यातलं भरीत, गुळाचे घारगे, कशाला म्हणून तोटा नाही. तिने काय कमी खाल्लं ते सांगा.

हा मेसेज २०१९ च्या हार्वर्डच्या अभ्यासावरून निघालेला दिसतो. अमेरिकेतल्या १,८२,१४५ नर्सेसच्या आहाराच्या नोंदी तपासल्या. रोज साडेपाचहून जास्त सर्व्हिंग फळं-भाज्या खाणाऱ्यांना, अडीच किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा धोका ११ टक्के कमी आढळला. पिवळ्या-केशरी आणि कोबी-फ्लॉवरच्या जातीच्या भाज्यांचा संबंध जास्त ठळक होता. आता हिशोब करा. हजारात ३० जणींना व्हायचा असेल, तर २७ जणींना होईल. त्या २७ जणींनी ताटाकडे लक्ष दिलं नाही, हे कुठल्या अभ्यासात लिहिलंय?

परसबाग
मेसेजचं दुसरं वाक्य दुष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रागाच्या भरात तुम्ही पहिल्यातला खरा भागही फेकून देताय. हजारात तीन बायका वाचल्या तर त्या कमी? २०१३ मध्ये २० अभ्यास एकत्र करून जवळपास १० लाख बायकांची माहिती तपासली. ईआर-निगेटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर न वाढणाऱ्या गाठींच्या प्रकारात जास्त भाज्या खाणाऱ्यांना धोका १८ टक्के कमी होता. हार्मोनवरच्या औषधांना दाद न देणारा ट्रिपल निगेटिव्ह त्यातच येतो, आणि आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. हे आपल्याच बायकांच्या कामाचं आहे.

लॅबवाली
त्याच २०१३ च्या अभ्यासात सगळे प्रकार एकत्र धरले तर फरक दिसला नाही, तेही लिहा ना. भाज्या भरपूर खाणारी बाई बहुधा चालते, वजन सांभाळते, दारू पीत नाही. श्रेय भाजीला द्यायचं की बाकीच्याला? संशोधक आकडेमोड करून हे वेगळं काढतात, पण पूर्ण सुटत नाही. आणि फिनलंड विसरू नका. १९९४ साली २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. बीटा-कॅरोटीनची, म्हणजे पिवळ्या-केशरी भाज्यांतल्या रंगद्रव्याची गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला.

परसबाग
पुरुष, सिगारेट, फुफ्फुस आणि गोळी! मी भाजीबद्दल बोलतेय. गोळीचा दोष डांगराच्या माथी कशाला मारता?

बागायतदार
तुम्ही इथं वाट्या मोजा. आमच्याकडं डांगराला दर नाही म्हणून बांधावर फोडून गुरांना घालतोय. त्यावर कोणी मेसेज पाठवत नाही.

खानदेशी
या असल्या मेसेजांनीच घात केलाय. माझ्या मामीला गाठ लहान असताना कळलं होतं. एका निसर्गोपचारवाल्याने सांगितलं, केमो विष आहे, गाजराचा रस प्या. मामी रोज पहाटे उठून गाजरं किसायची, फडक्यातून पिळायची. तळहात पिवळे पडले, तर तो म्हणाला, विष बाहेर पडतंय. परत डॉक्टरकडे नेलं तोवर हाडांत पसरलं होतं.

दवबिंदू
वाईट झालं. पण एका भोंदूमुळे सगळा निसर्गोपचार वाईट कसा? कच्च्या रसात जे सत्त्व असतं ते तुमच्या तेलाच्या फोडणीत जळून जातं. हे साधं आहे.

परसबाग
साधं आहे आणि चूक आहे. कॅरोटीन तेलातुपात विरघळतं. गाजर-भोपळा शिजला की पेशी मऊ होतात, सोबत थोडं तेल असलं की ते अंगी लागतं. मेथ्यांच्या फोडणीची, वर ओलं खोबरं घातलेली भाजी नुसत्या रसापेक्षा सरस. आईच्या स्वयंपाकाला अडाणी ठरवायची ही जी टूम निघाली आहे, तिचा मला वीट आलाय. उकडलेलं अळणी खाऊन कोणाचं भलं झालंय?

दवबिंदू
मी आईच्या स्वयंपाकाला अडाणी म्हटलेलं नाही. तोंडात शब्द घालू नका.

खानदेशी
फोडणी की रस, हा वाद तुम्हाला सुचतोच कसा? तळहात पिवळे पडले ते कॅरोटीन साठल्यामुळे, हे आम्हाला कॅन्सरच्या डॉक्टरने सांगितलं. 'विष बाहेर पडतंय' म्हणणाऱ्याचं दुकान अजून चालू आहे. दवबिंदू, केमो सोडू नका, एवढं एक वाक्य इथे लिहा. मग रसाचं बोला.

दवबिंदू
लिहितो. केमो सोडू नका. डॉक्टरला न विचारता रसाचे प्रयोगही करू नका. तेलाचं परसबाग म्हणतात ते बरोबर असेल, पण मी रोज कोशिंबीर खाणारच.

लॅबवाली
खा की. त्या कुटात दाणे असतात, म्हणजे तेल आलंच.

एक मात्र राहून जातंय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर प्रयोग केला. निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. मशीन नाही, सुई नाही. भिशीत फॉरवर्ड करायचं तर हे करा.

परसबाग
करीनच. पण तपासणीने आजार लवकर सापडतो, टळत नाही. टाळण्यासाठी जे थोडं हातात आहे त्यात भाजी आहे, आणि यावरून मी हटणार नाही.

कृष्णाकाठ
हटू नका. 'धोका थोडा कमी होतो' असं तुम्ही म्हणता, ते मला चालतं. ग्रुपवर मी ११ टक्के आणि टाटाचं दोन्ही टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या बाई म्हणाल्या, मी चांगल्या मनानेच पाठवलं. मन चांगलं असेल. मला ते दुसरं वाक्य सगळ्यांसमोर मागे घेतलेलं हवंय, जावेचं नाव घेऊन. तोवर या महिन्याची भिशी आमच्या घरी होणार नाही, हेही कळवलंय.