1935, योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को: पत्रांवर तारखा कशा टाकायच्या?

परभणीकर: एकांकिकेतला नांदेडचा विद्यार्थी ‘असामा मारू’ या जपानी जहाजावर तिसऱ्या वर्गात आहे. रोज घरी पत्र लिहितो. तारखांचं काय करू?

औंढेकर: योकोहामा-होनोलुलू दरम्यान 180 रेखांश ओलांडला की तीच तारीख पुन्हा येते, म्हणजे दोन पत्रांवर एकच तारीख. परतीला एक दिवस गायब. घड्याळ मात्र होनोलुलूपर्यंत साडेचार तास पुढे जातं, कारण हवाई तेव्हा ग्रिनिचच्या साडेदहा तास मागे होतं (आता दहा). तेही रोज थोडं थोडं. एकदम सरकवलंत तर फसलं राव.

लातूरची वाचक: सामानही बघा. ‘नॉट वॉन्टेड’ (प्रवासात लागणार नाही) चिठ्ठीची ट्रंक थेट तळातल्या कोठारात जायची. घोंगडी तिच्यात राहिली तर पोरगं कुडकुडलंच. बर्थखाली फक्त चपटी ट्रंक मावते.

औंढेकर: पासपोर्टवर ‘ब्रिटिश प्रजा’ दाखवू नका, निजामाच्या रयतेला ‘ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन’ (ब्रिटिश संरक्षणाखालची व्यक्ती) म्हणत. अमेरिकेच्या 1917 च्या कायद्यानं हिंदी (भारतीय) मजुरांना बंदी होती, विद्यार्थ्यांना सूट. तरी तिसऱ्या वर्गातल्या आशियाईला बहुधा आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल आयलंड बेटावर तपासणीला नेत. तेव्हा धक्क्यावर हार घेऊन कुणाला उभं करू नका.