फायर डिस्ट्रिक्टला मराठीत काय म्हणावं? जिल्हा तर नक्कीच नाही!

डेल्टावासी (धागाकर्ता)

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी आमच्या भागातल्या अग्निशमनाच्या भानगडीवर लेख लिहिलाय. तो एका शब्दापायी अडलाय. मी सरळ 'फायर डिस्ट्रिक्ट' लिहिलं होतं. संपादकांनी जिथे तिथे 'अग्निशमन जिल्हा' करून टाकलं. आता वाचताना वाटतं, कुठेतरी कलेक्टर बसलाय आणि त्याच्या हाताखालचे सात तालुके पेटलेत.

प्रकरण थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या काँट्रा कोस्टा काउंटीचं पूर्वेचं टोक. ब्रेंटवुड, ओकली, डिस्कव्हरी बे, बेथेल आयलंड, नाइटसन, बायरन. मका आणि चेरीचा मुलूख. २००२ साली इथले तीन छोटे डिस्ट्रिक्ट एकत्र करून 'ईस्ट काँट्रा कोस्टा फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट' झाला. हे नगरपालिकेचं खातं नव्हे. केवळ आग विझवण्यासाठी उभी केलेली स्वतंत्र संस्था. हद्द स्वतःची (जवळपास २४९ चौरस मैल), संचालक मंडळ स्वतःचं, मालमत्ता करात वाटा स्वतःचा.

गोम त्या वाट्यात होती. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने, मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर बांधला आणि पुढच्या कायद्याने कुणाला त्यातलं किती मिळायचं तेही तेव्हाच्या हिशोबानं गोठवलं. तेव्हा इथे शेतं होती आणि बंबावर गावातलीच माणसं जायची, त्यामुळे खर्च नगण्य आणि वाटाही नगण्य. १९९० ला साडेसात हजारांचं ब्रेंटवुड २०२० च्या जनगणनेत ६४ हजारांवर गेलं, वाट्याचं प्रमाण मात्र तेच. आठ केंद्रांची होता होता तीन उरली. २०१२ साली जादा कराचा प्रस्ताव पडला, २०१५ ला जमीनमालकांनी टपाली मतदानात पुन्हा नाही म्हटलं. पत्रकं, सह्यांच्या मोहिमा, सभांमधून हमरीतुमरी, सगळं झालं. शेवटी १ जुलै २०२२ ला सगळा कारभार काउंटीच्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेला.

तर या 'डिस्ट्रिक्ट'ला काय म्हणू? अंक महिनाभरात छापायला जाईल.

शुद्धमती

'अग्निनिर्वापण परिमंडळ'. निर्वापण म्हणजे विझवणे, संस्कृतात रुळलेला शब्द आहे. शमन हे क्षुधेचं, क्रोधाचं किंवा पित्ताचं. आगीचं शमन हा अर्धवट अनुवाद कुणीतरी केला आणि तो आपल्या गळ्यात पडला.

नाक्यावरचा

ताई, निर्वापण लिहिलंत तर लोकांना वाटेल आख्ख्या परिमंडळाला निर्वाण प्राप्त झालं. घर पेटलेला माणूस फोनवर 'निर्वापण' म्हणेपर्यंत वासे खाली येतील.

शुद्धमती

निर्वाण आणि निर्वापण यांचं नातं जवळचंच आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. 'महापौर' हा शब्द आला तेव्हाही लोक हसलेच होते.

निवृत्त_लिपिक

चौतीस वर्षं मसुदे लिहिण्यात गेली, म्हणून दोन शब्द. 'जिल्हा' बाद, याबद्दल दुमत नसावं. 'परिमंडळ' म्हटलं की आपल्याकडे महावितरण आठवतं. मुळात आपल्याकडे ही वस्तूच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या यादीत घातली आहे. खेड्यात आग लागली तर जवळच्या नगरपरिषदेचा नाहीतर एमआयडीसीचा बंब येतो. आमच्या तालुक्यात तर साखर कारखान्याचाच यायचा. आगीपुरती निवडून दिलेली आणि करावर हक्क असलेली संस्था म्हटल्यावर जवळची जात बाजार समितीची. तिथेही संचालक निवडून येतात आणि ती बाजार फी घेते. म्हणून माझी सूचना 'अग्निशमन कार्यक्षेत्र'. कारखान्याचं कार्यक्षेत्र म्हणतोच की आपण.

डेल्टावासी

काका, कार्यक्षेत्र म्हणजे नुसती जमीन झाली. इथे डिस्ट्रिक्ट कर्ज काढतो, युनियनशी करार करतो, कोर्टात उभा राहतो. 'कार्यक्षेत्राने युनियनशी करार केला' असं कसं लिहू?

बापू_गुहागरी

अहो, मग जुना शब्द काढा की बाहेर. पेटा! तालुक्याहून लहान भाग. आमचं गुहागर हे चिपळूणचा पेटा होतं, मंडणगड दापोलीचा. अग्निपेटा. पेटा म्हटला की पेटलंच.

कोकणात वणवा लागला की बंबाची वाट कोण बघतो? फेब्रुवारी-मार्चात सड्यावर धूर दिसला की हातात निरगुडीचे नाहीतर ऐनाचे टहाळे घेऊन सगळी वाडी धावते. गवत झोडपून आग मारायची, कलमांच्या बाजूने जाळरेषा, म्हणजे गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, आधीच काढलेली असली तर बाग वाचते. वनखात्याचा हा 'जाळरेषा' शब्द मात्र मला फार आवडतो, कुणा पंडिताला सुचला नसता. त्या टहाळेवाल्यांना काय म्हणायचं ते सांगा आधी. स्वयंसेवक म्हटलं की डोळ्यांपुढे वेगळंच चित्र येतं.

नाक्यावरचा

'पेटा'ला +१. शेजारची काउंटी पेटापेटी.

डेल्टावासी

बापू, तेही अडलंय खरं. पूर्वी इथे 'हाकेवरचे' लोक असायचे. दिवसा शेती किंवा दुकान, वर्दी आली की धावायचं, आणि प्रत्येक खेपेचे थोडे पैसे मिळायचे. मी 'मानधनी जवान' लिहिलंय.

दुसरी अडचण जास्त चिघळलीय. शेवटी जुना डिस्ट्रिक्ट कायद्यानं संपला, म्हणून मी 'बरखास्त झाला' लिहिलं. मसुदा वाचून शेजारच्या देशपांडे काकूंचा पहिला प्रश्न : "कुणी खाल्ले पैसे?" अर्थात! आपल्याकडे संचालक मंडळ बरखास्त होतं ते घोटाळा निघाल्यावर, आणि मग प्रशासक येतो. इथे तसं काहीच घडलं नाही. उलट मंडळानंच ठराव करून मान खाली घातली.

निवृत्त_लिपिक

'विलीनीकरण' लिहा. एसटीच्या संपापासून शेंबड्या पोरालाही कळतं.

रंकाळा_कट्टा

विलीनीकरण न्हवं, ही सरळ हद्दवाढ हाय. मोठ्या डिस्ट्रिक्टनं आपली हद्द वाढवली, बारका पोटात गेला. आमच्या कोल्हापुरात १९७२ ला महापालिका झाली तवापास्नं हे घोंगडं भिजत पडलंय. हद्दवाढ समर्थक कृती समिती एकीकडं, विरोधी कृती समिती दुसरीकडं, आज ह्यांचा बंद तर उद्या त्यांचा. गावं म्हणत्यात, तुमची घरपट्टी नको नि गटारं पण नकोत. तुमच्या लेखाला शब्द सगळे इथं तयार पडल्यात, भाऊ. तुमच्यातल्या त्या पत्रकं वाटणाऱ्यांना 'कृती समिती' म्हणा, एका झटक्यात कळतंय का न्हाई बघा.

पौडफाटा

कोल्हापूर सोडा, पुणं बघा. २०१७ ला अकरा गावं घेतली, २०२१ ला तेवीस. फुरसुंगी आणि उरुळी देवाची कराला कंटाळून इतकी भांडली की २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. बाहेर पडण्याला शब्द काय? हद्दघट?

डेल्टावासी

इथलं भांडण त्याच्या बरोबर उलटं होतं, तेच तर लेखात मांडायचंय. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा की आम्ही कर भरतोच आहोत, त्यातला वाटा शाळांकडून आणि इतरांकडून काढून बंबाला द्या, नवा कर कशाला? दुसरी बाजू म्हणायची, शाळांचे पैसे तोडायला कोण तयार होणार? सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळायची, समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. एक चेरीवाला म्हातारा लाल दिवा लागला तरी थांबेना. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचं केंद्र बंद पडलं होतं आणि विमा कंपनीनं हप्ता वाढवला होता. तरी २०१२ ला त्यानं 'नाही'च दिलं होतं, आणि तेही तो तिथे ठणकावून सांगत होता.

आणि तो २०१२ चा 'पार्सल टॅक्स', दर जमिनीच्या तुकड्याला वर्षाला १९७ डॉलर. 'पार्सल कर' लिहिलं तर वाचणारा विचारेल, हॉटेलात बसून खाल्लं तर माफ का?

नाक्यावरचा

भूखंड कर. मग त्याचं श्रीखंड.

शुद्धमती

पट्टी! घरपट्टी, पाणीपट्टी, तशी 'अग्निपट्टी'. बघा, कष्ट न घेता शुद्ध मराठी मिळतं. आपल्याच पालिकांच्या बिलांवर 'अग्निशमन कर' असा रकाना असतो, तो कुणी वाचत नाही.

बापू_गुहागरी

आगपट्टी. काडी आपोआप येते.

पौडफाटा

पट्टी झाली, पण वर्गणीचं काय? टेनेसीतल्या ओबायन काउंटीत २०१० साली एकाचं घर जळून खाक झालं आणि बंब शेजारी उभा होता. गावाबाहेरच्यांनी शहराच्या दलाला वर्षाला ७५ डॉलर भरायचे असा नियम, याचे राहिले होते. शेजाऱ्याने भरले होते म्हणून त्याची जमीन वाचवली, याच्या घराकडे नुसतं बघत राहिले. त्यापेक्षा डेल्टावासींचा डिस्ट्रिक्ट बरा, निदान दार बघून पाणी मारत नसेल.

रंकाळा_कट्टा

आयला. आमच्याकडं बंब उशिरा यील, पर आल्यावर पावती न्हाई मागत.

कोशकिडा

सगळे 'बंब' बिनधास्त वापरताय म्हणून सांगतो, हा शब्द पोर्तुगीज आहे. 'बोंबा' म्हणजे पंप. पोर्तुगीजमध्ये आग विझवणाऱ्याला आजही 'बोंबेइरो' म्हणतात. शुद्धमतींचं यावर काय म्हणणं?

बापू_गुहागरी

छे! बोंब मारली की येतो तो बंब. साधं आहे. आमची आजी तसंच सांगायची.

कोशकिडा

आजीबद्दल आदर आहे. पण मग न्हाणीघरातला तांब्याचा बंब कुणाच्या बोंबेवर आला?

शुद्धमती

चारशे वर्षं मराठीत राहिलेला शब्द परका मानायचा नसतो. बटाटा, पगार, चावी, तसाच बंब. माझा विरोध कालच्या आळशी उसनवारीला आहे.

नाक्यावरचा

म्हणजे 'डिस्ट्रिक्ट' अजून तीनशे नव्वद वर्षांनी चालेल. डेल्टावासी, संपादकांना तेवढं थांबायला सांगा.

निवृत्त_लिपिक

अवांतर होतंय, तरी नोंदवतो. कागदोपत्री 'अग्निशमन' आणि 'अग्निशामक' दोन्ही चालतात. शमन ही क्रिया, शामक म्हणजे ती करणारा. म्हणून यंत्र आणि दल अग्निशामक, सेवा आणि केंद्र अग्निशमन. महाराष्ट्राच्या आगीविषयीच्या २००६ च्या अधिनियमाच्या नावात यातलं काहीच नाही, तिथे 'आग प्रतिबंधक' आहे.

कोशकिडा

काका, मग मुंबईच्या गाड्यांवर 'अग्निशमन दल' चूक?

निवृत्त_लिपिक

चूक नव्हे, ढिलाई.

बापू_गुहागरी

१४ एप्रिल १९४४ ला गोदीतल्या स्फोटात त्या दलाची ६६ माणसं गेली. त्यांच्या गाडीवर काय लिहिलंय याला ढिलाई म्हणू नका.

निवृत्त_लिपिक

मी शब्दाबद्दल बोलतोय, माणसांबद्दल नाही. कृपया मुद्दा फिरवू नये.

डेल्टावासी

मंडळी, 'डिस्ट्रिक्ट' राहिलाच. तूर्त पहिल्या परिच्छेदात 'फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे आगीपुरती स्वतंत्र पंचायत' लिहून पुढे नुसतं 'डिस्ट्रिक्ट' ठेवतोय. हद्दवाढ, कृती समिती आणि अग्निपट्टी उचलली. संपादकांना 'अग्निपेटा' पाठवून पाहिला, अजून उत्तर नाही.

शुद्धमती

पंचायत? म्हणजे पाच जण?

डेल्टावासी

शेवटी शेवटी संचालक पाचच होते, ताई.

रंकाळा_कट्टा

त्यो तांब्याचा बंब कुठं मिळतोय का अजून चांगला? आईला पायजे, गिझरचं पाणी अंगाला लागत न्हाई म्हणती.

कोशकिडा

पुण्यात तांबट आळीत विचारा. तोटी पितळेची बघून घ्या.