साटा जोडणीत शॉर्ट झाल्यानंतर संगणक सुरू होत नाही : मदरबोर्ड खरोखरच गेला असेल का?

अक्षरजुळारी

नमस्कार. साताऱ्यात माझे डीटीपीचे छोटे काम आहे आणि लग्नपत्रिकांपासून स्मरणिकांपर्यंतची नऊ वर्षांची सगळी कामे एकाच संगणकात साठवलेली आहेत. परवा दुपारी काम चालू असताना कॅबिनेटमधून ‘चट्’ असा आवाज आला, प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला आणि संगणक बंद पडला. घरातला एमसीबी पडला नाही आणि त्याच एक्स्टेंशन बोर्डावरचा मॉनिटर चालूच राहिला. कॅबिनेट उघडल्यावर असे दिसले, की साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या) जोडण्या कमी पडत असल्यामुळे गेल्या वर्षी जी मोलेक्स (जुन्या पद्धतीची चार पिनांची जोडणी) ते साटा जोडवायर बसवली होती, तिचे हार्ड डिस्ककडचे टोक वितळून काळे पडले आहे.

आता बटण दाबले की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. मदरबोर्डवरचा लहान दिवा मात्र लागलेला असतो. येथील एका दुरुस्तीवाल्याने वरवर पाहूनच मदरबोर्ड आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले. संगणकात २ टीबीची ३.५ इंची हार्ड डिस्क, विंडोज असलेली २.५ इंची एसएसडी आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे. नेमके काय बिघडले आहे हे घरच्या घरी ठरवता येईल का? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. यंत्रापेक्षा मला त्यातल्या फायलींची काळजी अधिक आहे.

ओहमकार

नमस्कार. पहिली विनंती अशी, की पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहू नका. प्रत्येक प्रयत्नात त्याच बिघाडावर पुन्हा वीज जाते.

तुम्ही दिलेल्या वर्णनात उत्तराचा बराचसा भाग आहे. एमसीबी पडला नाही, म्हणजे शॉर्ट २३० व्होल्टच्या बाजूला नसून कॅबिनेटमधल्या कमी व्होल्टेजच्या बाजूला झाला असण्याची शक्यता अधिक आहे, आणि जळालेली जोडवायर तेच सांगते. अशा स्वस्त जोडवायरींमध्ये पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळ्या अर्थच्या अशा तारा एकाच साच्यात वितळलेल्या प्लॅस्टिकने बंद केलेल्या असतात. आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ राहिल्या, तर काही महिन्यांनी त्यांच्यातले आवरण दगा देते. पिवळी तार लालला टेकली की ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट येतात.

पंख्याचा अर्धा फेरा हे एसएमपीएस मेल्याचे लक्षण मानू नये. तो सुरू होतो, कुठल्या तरी वाटेवर शॉर्ट आहे हे त्याला कळते आणि तो स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे तो आपले काम करत असण्याची शक्यता मोठी आहे. मदरबोर्डवरचा दिवा ५ व्होल्टच्या वेगळ्या स्टँडबाय (संगणक बंद असतानाही चालू राहणाऱ्या) वाटेवर चालतो, त्यामुळे ती वाट शाबूत आहे एवढेच त्यावरून कळते. बाकी बोर्डाला ते प्रमाणपत्र नव्हे.

आता प्लग काढा, काही मिनिटे थांबा आणि ती जोडवायर, हार्ड डिस्क, एसएसडी व ग्राफिक्स कार्ड हे सगळे सोडवा. पुढचे यूएसबी पोर्टही बोर्डापासून वेगळे करा. प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम एवढ्यावर बटण दाबा. पंखे फिरत राहिले तर शॉर्ट काढलेल्या वस्तूंपैकी एकीत आहे. तरीही अर्धाच फेरा झाला, तर २४ पिनांची आणि प्रोसेसरची अशा दोन्ही जोडण्या काढून एसएमपीएस एकटा तपासा : मुख्य वीज बंद असताना हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेला क्लिपने जोडायची, भार म्हणून एखादा जुना पंखा लावायचा आणि मग वीज सुरू करायची. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळायला हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टांहून अधिक असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकतात.

जुनी_चिप

वरील सर्व मान्य आहे, परंतु एका बाबतीत मी अधिक कडक आहे. संशयित हार्ड डिस्क चांगल्या संगणकाला लावली, तर बहुतेक वेळा तो संगणक सुरू होण्यास नकार देईल, एवढेच. संशयित एसएमपीएस मात्र चांगल्या मदरबोर्डला लावला, तर एका बिघाडाचे दोन होऊ शकतात. म्हणून क्लिपची चाचणी उत्तीर्ण झाली तरी मी स्वतः तो एसएमपीएस बदलेन, कारण रिकामा असताना बरोबर आकडे दाखवणारा एसएमपीएस भाराखाली ढासळलेला मी पाहिला आहे. ओहमकार यांना हे खर्चिक वाटेल याची कल्पना आहे.

अक्षरजुळारी

दोघांचेही आभार. सगळे काढल्यावर पंखे फिरत राहिले आणि बायोसचा (विंडोजच्या आधी येणारा) पडदा दिसला! नंतर ग्राफिक्स कार्ड लावले, तेही चालले. एसएसडी मूळ साटा केबलवर लावली तेव्हा संगणक सुरू झाला, पण बायोसमध्ये ती दिसत नाही. हार्ड डिस्क चांगल्या केबलवर लावताच पुन्हा तोच अर्धा फेरा. म्हणजे डिस्कच जळाली, असे समजायचे का?

ओहमकार

डिस्क जळाली असे म्हणण्याची घाई नको. ३.५ इंची डिस्कच्या सर्किट बोर्डवर, वीज जोडणीच्या अगदी जवळ, सहसा दोन संरक्षक डायोड असतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर आणि एक १२ च्या. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की हा डायोड ते अर्थकडे वळवतो आणि फार ताण पडला तर स्वतः कायमचा शॉर्ट होतो. मग ती वाट अर्थला जोडल्यासारखी होते आणि एसएमपीएस सुरू होत नाही. तुमची लक्षणे याच्याशी जुळतात.

डिस्क पूर्ण सोडवून मल्टिमीटर डायोड/बीपच्या खुणेवर ठेवा आणि दोन्ही डायोड दोन्ही दिशांनी मोजा. चांगला डायोड एका दिशेला ०.४ ते ०.६ च्या आसपास आकडा दाखवतो आणि उलट दिशेला सहसा बराच मोठा किंवा काहीच नाही. दोन्ही दिशांना बीप वाजून शून्याजवळचा आकडा आला, तर तो गेला.

गेलेला डायोड काढून टाकला की डिस्क बहुधा फिरू लागते, पण त्यानंतर तिला संरक्षण उरत नाही, म्हणून ती केवळ फायली उतरवून घेण्यापुरती चालवायची. सोल्डरिंगचा सराव नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या; हॉट एअरने हे काम क्षणात होते. त्याआधी बोर्डवरच्या मोठ्या चिपांवर जळाल्याचा डाग किंवा फुगवटा आहे का, हे भिंगातून पाहा. तसे दिसले तर इथेच थांबा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर सावध राहा, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या बोर्डवरील रॉम या छोट्या चिपमध्ये असते आणि ती चिप उचलून नव्या बोर्डवर लावल्याखेरीज अनेक डिस्क चालत नाहीत.

२.५ इंची एसएसडी ५ व्होल्टवरच चालते, त्यामुळे चुकीच्या १२ व्होल्टांचा पहिला घाव तिला बसला असणार. तिच्याबाबत मी फार आशा देणार नाही.

अक्षरजुळारी

५ व्होल्टचा डायोड दोन्ही दिशांना वाजला, १२ चा ठीक होता. चिपांवर डाग नव्हता. ओळखीच्या मोबाइलवाल्याने डायोड काढून दिला. जुनी_चिप यांचे ऐकून नवा एसएमपीएस घेतला आणि या वेळी जोडवायर न घेता पुरेशा साटा जोडण्या असलेलाच घेतला. नव्या एसएसडीवर विंडोज टाकून डिस्क लावली, तर ती लगेच दिसली. या क्षणी दुसऱ्या डिस्कवर फायली उतरत आहेत आणि २०१७ पर्यंतची फोल्डरे पोहोचली आहेत. जुनी एसएसडी कुठेच दिसत नाही. तिच्यासोबत माझे काही फाँट गेले, ते पुन्हा मिळवावे लागतील.