आल्प द्युएझ चढून आल्यावर शाकाहारी माणसाने जेवायचं काय?

येऊरवाला
जुलैत मेहुण्याबरोबर फ्रान्सला चाललोय, सायकली घेऊन. मुक्काम ल बूर द्वाझाँला, म्हणजे आल्प द्युएझच्या घाटाच्या पायथ्याशीच. सराव म्हणाल तर उपवनहून येऊर आणि कधीमधी माळशेज. येऊरला दम लागतोय म्हणेपर्यंत चढ संपतो. तिथे १३.८ किलोमीटर, २१ वळणं, सरासरी आठ टक्क्यांचा चढ. पायांचं पाय बघून घेतील, मला काळजी पोटाची. इथे खाली उतरलं की मामलेदारची मिसळ आहे. तिथे काय? मेहुण्याला सगळं चालतं. मी अंडं खातो, मांस-मासे नाही, आणि गुरुवारी अंडंही नाही. बायको म्हणते दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. अहो, एवढ्या लांब जाऊन खोलीत बसून दशम्याच खायच्या तर जायचं कशाला? डोंगरातलं फ्रेंच जेवण भरभक्कम असतं म्हणतात. जाऊन आलेल्यांनी सांगा.

नेरूळची_सायकल
दादा, दशम्या न्याच. का, ते सांगते.

तिकडची स्वयंपाकघरं घड्याळावर चालतात. दुपारचं जेवण १२ ते २, रात्रीचं सातनंतर. तुम्ही तीन वाजता घामाने खारट होऊन खाली येणार आणि समोर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. लहान गावात बेकरीवालाही दुपारी शटर ओढतो. 'सेर्व्हिस कॉन्तिन्यू' अशी पाटी दिसली तर मधल्या वेळेत जेवण मिळतं, नाहीतर कॉफी आणि आइस्क्रीम. दशमी त्या तीन-चार तासांसाठी. आणि तसंही उतरल्या उतरल्या चीज-क्रीम खाऊ नये. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. आधी पिठाचं, गोडाचं, मिठाचं काहीतरी. अक्रोडाचा टार्ट दिसला तर सोडू नका, ग्रनोबलचा अक्रोड त्याच भागातला.

रात्री मात्र हात आखडू नका. प्रसिद्ध पदार्थ तार्तिफ्लेत: बटाटे, कांदा, वर अख्खं रब्लोशाँ चीज वितळवलेलं. पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, 'लार्दों'. "साँ लार्दों" (लार्दों नको) म्हणून बघा, काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी सगळं सकाळीच रचून ठेवलेलं असतं. कांद्याच्या सूपला भुलू नका, खाली बहुधा गोमांसाचा रस्सा असतो. राक्लेतमध्ये चीज आणि उकडलेले बटाटे एकीकडे, मांसाचं ताट वेगळं, तेव्हा तुमचं आणि मेहुण्यांचं एकाच टेबलावर निभेल. फक्त भर जुलैत ते सगळीकडे नसतं, आणि खरं सांगायचं तर उन्हात भाजून आल्यावर वितळणाऱ्या चीजसमोर बसायला नको वाटतं.

माझं मत राव्हिओलला. नखाएवढे चौकोन, आत चीज आणि पार्सली, वर क्रीम. मिनिटभरात शिजतात. गॅलिबिएच्या घाटाहून आले तेव्हा (२,६४२ मीटर, वर जुलैतही बर्फाचे ढीग) तेच खाल्लं आणि बशी पावाने पुसून घेतली. पाव जेवणाबरोबर फुकट, नळाच्या पाण्याची सुरईही फुकट. 'काराफ दो' म्हणा, नाहीतर बाटलीचे पैसे लावतात.

पारसिककर
शाकाहारी किती कडक, ते आधी ठरवा. रब्लोशाँ, बोफोर, काँते ही चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने) लावतात, नियमच तसा आहे. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तिथे तो शोधू नका. मी डोळेझाक केली. आईला सांगितलेलं नाही.

नौपाड्याची_खवय्यी
ग्रातँ दोफिन्वा कसं राहिलं? ते तर त्याच मुलखाचं. बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, क्रीम, लसूण, जायफळ. जुन्या पद्धतीत चीज घालतच नाहीत, म्हणजे रेनेटचा प्रश्नच मिटला. मी इथे करते. जुना बटाटा घ्यायचा आणि चकत्या कापल्यावर धुवायच्या नाहीत, त्या पिठुळपणानेच दूध आळतं. भांड्याला लसूण घासायची, मंद ओव्हनमध्ये सव्वा तास. वरची साय खरवसासारखी थरथरली की झालं. घरातली पोरं म्हणतात यात मिरची कुठाय. घाला, कोण बघतंय.

येऊरवाला
दशम्यांचं बायकोला सांगितलं, ती विजयी मुद्रेने फिरतेय. रेनेटचं मात्र घरात बोलणार नाही. गुरुवारी राव्हिओल चालतील ना?

नेरूळची_सायकल
नाही, पीठच अंड्यात मळतात. गुरुवारी ग्रातँ. ते मांसाच्या तुकड्याशेजारी तोंडीलावणं म्हणून येतं, तेव्हा मोठी वाटी आणि हिरवं सॅलड एवढंच मागा. अंडं घातलंय का, तेही विचारून घ्या, काही जण घालतात. आणि टेबल सकाळीच सांगून ठेवा. जुलैत अख्खं गाव सायकलवाल्यांनी भरलेलं असतं आणि सगळ्यांना सातलाच भूक लागते.